मलिक अंबरचा शजरा शोधताना

औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, कुणी वसवलं? नाव बहुतेकांना ठाऊक असतं : मलिक अंबर. 1610 च्या सुमारास खडकी नावाच्या गावाच्या जागी त्यानं निजामशाहीची राजधानी उभी केली. पण 'अंबर कुणाचा मुलगा?' असं विचारलं की गाडी अडते.

आपल्याकडे शजरा बापाच्या नावानं वर चढतो. अंबरच्या बाबतीत पहिलीच पायरी नाही. साधारण 1548 मध्ये तो हबशामध्ये, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला. लहानपणीचं नाव चापू असल्याचं सांगतात. गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बगदादला पोहोचला. तिथं मीर कासिम नावाच्या मालकानं त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. गुलामांना अशी सुगंधाची, रत्नांची नावं सर्रास ठेवत. पुढं अहमदनगरच्या चंगेजखान या वजिरानं त्याला विकत घेतलं, तोही मूळचा हबशी गुलामच. बाजारात माणूस विकला जायचा तेव्हा त्याच्या बापाचं नाव कोण लिहून ठेवणार?

आमच्याकडे काही कुटुंबं विचारतात, 'आमचं आडनाव मलिक, मग आम्ही अंबरच्या खानदानातले का?' बाबांनो, मलिक ही पदवी होती, आडनाव नव्हे. फक्त त्यावरून नातं जोडता येत नाही. 'सिद्दी'चंही तसंच. दख्खनमध्ये हबशी सरदार आणि सैनिक हजारोंनी होते, सगळे एका घरचे कसे असतील?

पक्कं काय आहे? बायको बीबी करीमा. दोघांच्या कबरी खुलताबादला आहेत. अंबर 1626 मध्ये वारला. एक मुलगी त्यानं मुर्तजा निजामशहाला दिली होती. मुलगा फतेहखान. त्यानं खडकीचं नाव फतेहनगर केलं, म्हणजे हे शहर नावं बदलत आलंय ते काही आजचं नाही. 1633 मध्ये दौलताबाद मुघलांनी घेतलं, फतेहखान शरण गेला. 1653 नंतर औरंगजेबाच्या सुभेदारीत फतेहनगरचं औरंगाबाद झालं. फतेहखानाच्या पुढचा धागा जोडायचा तर प्रत्येक पिढीचा कागद लागेल. 'दादा सांगायचे' एवढ्यावर भागत नाही.

शहराचं मात्र वेगळं. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा उभा आहे. नहर-ए-अंबरीनं डोंगराकडचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही मोहल्ल्यांची नावं मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांशी जोडली जातात. शहाजीराजेही अंबरच्या काळात निजामशाहीतच होते. अंबरचा स्वतःचा शजरा सापडत नाही, पण त्याच्या शहराच्या मोहल्ल्यांत दुसऱ्यांच्या घराण्यांची नावं टिकली. आम्हाला याचं राहून राहून नवल वाटतं.

आता आपल्या घरचं. अंबरपर्यंत पोहोचायची घाई करू नका, आजोबांपासून सुरुवात करा. मराठवाड्यात मशिदीची, दर्ग्याची किंवा काझीपणाची इनाम जमीन असलेल्या घरांत 'मुंतखब' असतो. निजाम सरकारच्या या कागदात इनामदार आणि वारसांची नावं येतात. कुटुंबाचा शजरा बहुतेकदा इथूनच हाती लागतो. त्याआधीच्या सनदा फारसीत, जमिनीचे व्यवहार मोडीत. निकाहाची नोंद काझीच्या रजिस्टरात, तीही पाहा. मुलींची नावं बाकी कागदांत क्वचित येतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी रुमाल आहेत, हैदराबादच्या पुराभिलेखागारात मुघल काळातले दख्खनचे फारसी कागद.

घरातला जुना कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कारण मागच्या बाजूला शिक्के आणि शेरे असतात. घरात कुणी फारसी किंवा मोडी वाचणारं बुजुर्ग असेल तर फोटो घेऊन याच आठवड्यात त्यांच्याकडे बसा.