सॅक्रामेंटोत रात्र, सिटी सेंटरात सकाळ

ऑक्टोबर २०२५ मध्ये मकाऊत एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे दोन सामने झाले. सहा वर्षांनी चीनचं दार उघडलं म्हणून त्याच्या बातम्याही भरपूर आल्या. पाठोपाठ २१ ऑक्टोबरला नवा हंगाम सुरू झाला. या सगळ्या गडबडीत एका शहराचं नाव कुणी घेतलं नाही. ते शहर म्हणजे मुंबई.

चीनचं दार बंद व्हायला निमित्त घडलं, त्याच दिवशी एनबीए वरळीत होती. शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०१९. एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचा हंगामपूर्व सामना रंगला होता. प्रेक्षागृहात शाळेची मुलं खच्चून भरली होती. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी तो १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. त्याच शुक्रवारी ह्युस्टन रॉकेट्सच्या महाव्यवस्थापकाने हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारं ट्विट केलं. चीन भडकला आणि जगभरच्या बातम्यांमधून वरळी मागे पडली. दुसऱ्या दिवशीचा सामना पेसर्सनी १३०-१०६ असा सहज घेतला. त्यानंतर मुंबईला एनबीएचा एकही सामना मिळालेला नाही.

त्या दोन संध्याकाळी वरळीत जे बसले होते, त्यांनी पुढच्या सहा वर्षांची गोष्ट नकळत पाहून ठेवली. पेसर्सकडून तेव्हा डोमांटास सबोनिस खेळत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो किंग्जकडे आला आणि त्याच्या बदल्यात किंग्जचा तरुण टायरीस हॅलिबर्टन पेसर्सकडे गेला. सबोनिसने किंग्जची बाद फेरीसाठीची सोळा वर्षांची उपासमार संपवली. हॅलिबर्टनने २०२५ मध्ये पेसर्सना अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेलं आणि तिथेच त्याच्या टाचेची शीर तुटली. किंग्जचा चाहता हा सौदा अजून मनात उगाळतो. फायदा कुणाचा झाला, यावर रात्र सरेल.

पण मराठी माणसाने किंग्जच्याच मागे का लागावं? याचं उत्तर एका आडनावात आहे: रणदिवे.

विवेक रणदिवे १९५७ साली मुंबईत जन्मले. सोळाव्या वर्षी एमआयटीत शिकायला गेले. भारतातून परकीय चलन बाहेर नेणं म्हणजे तेव्हा दिव्य होतं आणि खिशात थोडे डॉलर घेऊन ते निघाले, हे ते स्वतः अनेकदा सांगतात. पुढे शेअर बाजारातली माहिती क्षणोक्षणी पोहोचवणारी सॉफ्टवेअर व्यवस्था त्यांनी उभारली, टिब्को ही कंपनी काढली आणि श्रीमंत झाले. इथपर्यंतची कहाणी सिलिकॉन व्हॅलीतल्या आणखी काही भारतीयांचीही आहे. रणदिव्यांना वेगळं काढते ती बारा वर्षांच्या मुलींची एक टीम.

मुलगी अंजलीच्या संघाला शिकवायला ते उभे राहिले, तेव्हा बास्केटबॉलशी त्यांची ओळख फक्त प्रेक्षक म्हणून होती. वाढले ते क्रिकेट आणि फुटबॉल बघत. त्यामुळे ज्याला हा खेळ जन्मापासून पाठ असतो त्याला न पडणारा प्रश्न त्यांना पडला. मैदान ९४ फूट लांब, मग प्रत्येक संघ बास्केट मारून झाल्यावर पळत आपल्या टोकाला का जातो? शेवटचे चोवीस फूट राखायचे आणि उरलेले सत्तर फूट समोरच्याला आंदण द्यायचे, हा कुठला शहाणपणा? त्यांच्या मुली उंच नव्हत्या, नेमबाजीत तरबेज नव्हत्या. त्यांनी मुलींना पूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्यांच्या अंगावर सोडलं. समोरच्या संघाला चेंडू आत टाकायलाही जागा मिळेना. हा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचला. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये यावर लेख लिहिला आणि रणदिवे खेळाच्या जगाला माहीत झाले.

या गोष्टीत बाहेरून आलेल्या माणसाची नजर आहे. गल्लीत, गच्चीत, चाळीच्या बोळात जागा अपुरी असते, म्हणून जी आहे ती सगळी वापरायची सवय मुंबईच्या मुलाला लागते. ज्यांचं अंगण मोठं, त्यांना सत्तर फूट सोडून देणं परवडतं. रणदिव्यांना तो प्रश्न कसा सुचला, याचं याहून पटणारं उत्तर मिळत नाही.

२०१० मध्ये ते गोल्डन स्टेट वॉरियर्सचे छोटे भागीदार झाले आणि २०१३ मध्ये किंग्जचे प्रमुख मालक. एनबीएच्या संघाची बहुमताची मालकी असलेले ते पहिले भारतीय. ती खरेदी साधी नव्हती. जुने मालक संघ सिएटलच्या गटाला विकायला निघाले होते आणि त्या गटात मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बाल्मर होते. सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी असली तरी व्यावसायिक खेळात तिच्या वाट्याला तेव्हा हा एकच मोठा संघ आला होता. गाव पेटून उठलं. महापौर केव्हिन जॉन्सन स्वतः जुना एनबीए खेळाडू, त्यांनी स्थानिक गुंतवणूकदार जमवले आणि रणदिवे त्या गटाचे म्होरके झाले. १५ मे २०१३ रोजी लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी संघाचं स्थलांतर नाकारलं. संघाची किंमत ठरली ५३ कोटी ५० लाख डॉलर. नव्या स्टेडियमसाठी शहराने २५ कोटी ५० लाख डॉलरचा भार उचलला. सार्वजनिक पैसा खासगी संघासाठी वापरावा का, हा प्रश्न रास्त आहे. पण संघ गावात राहावा म्हणून लोक नगरपालिकेच्या सभांना तास न् तास बसले, हेही खरं आहे.

मग येतो हंगाम. आयपीएलवर पोसलेल्या चाहत्याला इथेच पहिला झटका बसतो. तिथे साखळीत चौदा सामने, इथे ८२. ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला तीन किंवा चार, कधी लागोपाठ दोन रात्री दोन वेगवेगळ्या शहरांत. चांगल्या वर्षातही बरेच पराभव ठरलेले. पराभव गिळून दुसऱ्या दिवशी पुन्हा स्क्रीन लावायची, हे शिकल्याशिवाय या खेळाचा चाहता होता येत नाही.

२०२२-२३ चा हंगाम किंग्जच्या चाहत्याला पाठ असतो. सुरुवातीलाच लागोपाठ चार पराभव. त्याआधी २००६ नंतर संघ एकदाही बाद फेरीत गेला नव्हता. सलग सोळा हंगाम कोरडे, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत लांब दुष्काळ. म्हणजे ‘झालं, यंदाही तेच’ म्हणायला सगळे मोकळे. पाचव्या सामन्यात मायामी हीटला हरवलं आणि स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या लेझरचा झोत आकाशात गेला. जिंकलं की झोत पेटवायचा, ही त्या वर्षी काढलेली टूम. पाहता पाहता ती शहराची खूण झाली. रात्री खिडकीतून आकाशाकडे पाहिलं की निकाल कळायचा. ‘लाइट द बीम’ ही आरोळी गावाची झाली.

त्या वर्षीची सगळ्यात वेडी रात्र अमेरिकी तारखेने २४ फेब्रुवारीची. ग्वाल्हेरकरांना ही तारीख सांगावी लागत नाही. २०१० साली याच दिवशी तिथल्या कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर सचिन तेंडुलकरने एकदिवसीय क्रिकेटमधलं पुरुषांचं पहिलं द्विशतक ठोकलं होतं. २०२३ मध्ये त्या रात्री, म्हणजे आपल्या शनिवारी सकाळी, किंग्जनी लॉस एंजेलिस क्लिपर्सना दोन जादा डावांनंतर १७६-१७५ असं हरवलं. मलिक मंकने राखीव खेळाडू म्हणून येऊन ४५ गुण केले, डिॲरन फॉक्सने ४२. दोन्ही संघांचे मिळून ३५१ गुण एनबीएच्या इतिहासात त्याआधी फक्त एकाच सामन्यात ओलांडले गेले होते, १९८३ साली. क्लिपर्सकडून त्या दिवशी पहिल्यांदा उतरलेला रसेल वेस्टब्रुक ऑक्टोबर २०२५ मध्ये किंग्जच्या ताफ्यात दाखल झाला.

२९ मार्चला पोर्टलंडमध्ये १२०-८० असा विजय मिळाला आणि दुष्काळ संपला. अखेर ४८ विजय, ३४ पराभव, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक. प्रशिक्षक माइक ब्राऊन यांना वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक निवडताना सगळ्या १०० मतदारांनी पहिली पसंती दिली. बाद फेरीत समोर आले वॉरियर्स, रणदिव्यांचा जुना संघ. पहिले दोन सामने किंग्जचे, पुढचे तीन वॉरियर्सचे. चौथ्यात एका गुणाने हार, त्यातच फॉक्सच्या हाताचं बोट मोडलं. तरी सहावा सामना त्यांनी वॉरियर्सच्या घरी जाऊन जिंकला. सातवा सुरू झाला तेव्हा भारतात १ मेच्या रात्रीचा एक वाजला होता. स्टीफन करीने ५० गुण केले आणि सगळं संपलं. महाराष्ट्र दिनाची पहाट इतकी जड क्वचितच झाली असेल.

पुढचं सांगताना त्रास होतो, पण सांगायला हवं. ज्या मालकाने गावासाठी संघ राखला, त्याच्याच काळात संघाला स्थैर्य लाभलेलं नाही. २०१३ ते २०२५ या काळात हंगामी धरून आठ प्रशिक्षक खुर्चीत बसले. माइक मलोन यांना डिसेंबर २०१४ मध्ये, दुसऱ्या हंगामाच्या अवघ्या २४ सामन्यांनंतर काढलं. त्याच मलोननी २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. नव्या खेळाडूंच्या २०१८ च्या निवडीत दुसरा क्रमांक हाती असताना किंग्जनी मार्व्हिन बॅगली घेतला आणि लुका डॉन्चिच पुढच्याच क्रमांकाला गेला. ब्राऊन यांच्याशी २०२४ च्या उन्हाळ्यात करार वाढवला आणि त्याच वर्षी २७ डिसेंबरला त्यांना नारळ दिला. आदल्या रात्री डेट्रॉइटविरुद्ध शेवटच्या क्षणी तीन गुणांचा नेम आणि वर फाउल असा घास गेला होता. साधारण पाच आठवड्यांत फॉक्सही सॅन अँटोनिओला गेला. एप्रिलमध्ये ४० विजय, ४२ पराभवांवर हंगाम आटोपला. ब्राऊन २०२५ मध्ये न्यूयॉर्क निक्सचे प्रशिक्षक झाले. चौकटीबाहेरचा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला उत्तरासाठी थांबताही यायला हवं. रणदिवे थांबत नाहीत, हे बारा वर्षांत पुरेसं दिसलं आहे.

आणि तरीही किंग्जचा चाहता दुसरीकडे जात नाही, कारण संघ कुठे जाणार नाही याची त्याला खात्री आहे. आपल्याकडे नेमकी तीच मिळत नाही. २०१५ मध्ये बास्केटबॉलची यूबीए लीग आली. त्यात पुणे पेशवाज होते, मुंबई चॅलेंजर्स होते. २०१७ नंतर लीगच राहिली नाही. २०२२ मध्ये आयएनबीएल आली, तिच्यात मुंबई टायटन्स. २०२५ च्या सुरुवातीला तिची पंचविशीच्या आतल्या खेळाडूंची स्पर्धा दिल्लीच्या त्यागराज स्टेडियमवर भरली. मुंबईचं नाव लावलेला संघ दिल्लीत खेळणार, तर दादरच्या पोराने कुणासाठी रांग लावायची? शिरीन लिमये हिच्यासारख्या पुण्याच्या खेळाडूने भारताचं नेतृत्व केलं आहे, २०१७ मध्ये आशिया चषकाच्या ब गटात विजेत्या भारतीय संघात ती होती. पण तिला दर आठवड्याला घरच्या मैदानावर पाहता येईल असा एकही व्यावसायिक हंगाम आपण उभा केलेला नाही.

ग्वाल्हेरला ही वाट पाहणं चांगलंच ठाऊक आहे. सचिनच्या त्या द्विशतकानंतर शहराला पुढचा आंतरराष्ट्रीय सामना मिळायला ६ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला, साडेचौदा वर्षं. आता मध्य प्रदेश लीगमुळे ग्वाल्हेर चीताज आले आहेत, म्हणजे निदान क्रिकेटला घरचं नाव मिळालं. बास्केटबॉलला तेही नाही. खरं तर या खेळाचं बीज जिथे रुजावं अशी जागा या शहरात आधीपासून आहे. बास्केटबॉल शोधला तोच एका शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने, आणि भारतात तो वायएमसीएच्या अशाच शिक्षकांनी पसरवला. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेतून १९५७ पासून देशभरचे क्रीडाशिक्षक शिकून बाहेर पडतात. शिक्षक आहेत, मैदानं आहेत, संघ मात्र नाही.

म्हणून तूर्त ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरातल्या चाहत्याने सॅक्रामेंटोचं घड्याळ लावावं. किंग्जचे घरचे सामने बहुतेक तिथल्या संध्याकाळी सातला असतात. अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना ते आपल्याकडे सकाळी साडेसातला दिसतात, डबा भरेपर्यंत पहिला डाव होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात. तेव्हापासून मार्चपर्यंत चेंडू साडेआठला वर उडतो.