‘इंजिन गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

अबू धाबी म्हटलं की गावाकडच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर उंच इमारती, समुद्रकिनारा आणि शेख झायेद मशीद येते. आमच्यासारख्या कामगारांची अबू धाबी मात्र बेटावरून पूल ओलांडून मुख्य भूमीवर आलं की सुरू होते. तिचं नाव मुसफ्फा. इथे सगळे या भागाला ‘सनाया’ म्हणतात, म्हणजे कारखान्यांचा भाग. गल्लोगल्ली गॅरेजं, लेथची दुकानं, स्पेअर पार्टवाले, फॅब्रिकेशनचे यार्ड. मालक मल्याळी, मिस्त्री पठाण, हेल्पर बंगाली, आणि सगळ्यांची मिळून एक मोडकीतोडकी हिंदी. गेली २३ वर्षं मी इथल्याच एका यार्डात मेंटेनन्सचं काम करतो. मूळ गाव इगतपुरी तालुक्यात, शिक्षण आयटीआय.

या सनायात रोज कानावर पडणारं एक वाक्य आहे : ‘इंजन गया, भाई.’ गेल्या ऑक्टोबरमध्ये ते माझ्या गाडीबद्दल ऐकायला मिळालं. गाडी म्हणजे टोयोटाची जुनी लँड क्रूझर, ७० सिरीजमधली, डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह. तिचं इंजिन वन-एचझेड, सहा सिलिंडरचं, ४,१६४ सीसी, टर्बो नसलेलं. टोयोटाने हे इंजिन १९९० मध्ये आणलं. साधं, दणकट, आणि त्याचे पार्ट मुसफ्फात कुठेही मिळतात. माझी गाडी मात्र सकाळी सुरू होताना खूप वेळ घ्यायला लागली होती. मागून निळसर धूर, आणि १,००० किलोमीटरला जवळजवळ लिटरभर ऑइल गायब. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी ऑइलचं झाकण उघडून वाफ पाहिली आणि निकाल दिला : इंजिन गेलं, सेकंडहँड इंजिन टाका, नाहीतर गाडी भंगारात द्या.

खरं तर तो सल्ला माझ्या सोयीचा होता. मी ५८ वर्षांचा. पुढच्या वर्षी व्हिसा कॅन्सल करून आम्ही दोघं कायमचे गावी जाणार. गाडी सोबत नेता येणार नाही. भारतात तीन वर्षांपेक्षा जुनी किंवा डाव्या स्टीअरिंगची सेकंडहँड गाडी आयात करू देत नाहीत, आणि माझी दोन्ही आहे. मग तिच्यात पैसे आणि सुट्ट्या कशाला घालायच्या, असं हिनेही विचारलं. उत्तर एकच होतं. आम्ही जाणार असलो तरी मुलगा इथेच राहणार आहे. तो २४ वर्षांचा, इथेच वाढलेला, एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. गाडी त्याला द्यायची, तर ती नीट करून द्यायची, आणि कशी नीट केली तेही द्यायचं. मी गेल्यावर त्याला कुणी ‘इंजन गया’ म्हणालं, तर पुढचा प्रश्न काय विचारायचा, हे त्याला माहीत असलं पाहिजे.

आधी मोजा, मग खोला

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला चालवून दाखवलेलं तत्त्व आजही तेच आहे. माझ्या इंजिनात हवा मूळ जागेच्या सुमारे बावीसाव्या हिश्शात दाबली जाते. रिंग किंवा सिलिंडर झिजले की हवा बाजूने निसटते, पुरेशी तापत नाही, आणि गाडी सकाळी रुसते. म्हणून पहिली तपासणी कंप्रेशनची. ग्लो प्लग काढून त्या भोकात गेज लावायचं आणि स्टार्टर फिरवायचा.

मुलाला वही-पेन घेऊन उभं केलं. पहिल्या पाच सिलिंडरचे आकडे २८ ते ३० बार आले. सहाव्याचा आला १९. मग सहाव्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं, तर २५. ऑइलने फट बुजली आणि दाब वाढला, याचा अर्थ गळती व्हॉल्व्हमधून नाही, रिंग-पिस्टनकडून आहे. ऑइल चमचाभरच घालायचं. जास्त झालं तर दाबायला जागा उरत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

म्हणजे ‘इंजिन गेलं’ या दोन शब्दांमागची खरी गोष्ट होती : सहापैकी एक सिलिंडर गेला आहे आणि त्यालाही काहीतरी कारण आहे.

अंगणातलं गॅरेज

आम्ही मुसफ्फाला लागूनच असलेल्या मोहम्मद बिन झायेद सिटीत राहतो. घराला भिंतीआडचं छोटं अंगण आहे. रस्त्यावर किंवा पार्किंगमध्ये असं काम केलं तर दंड होतो, म्हणून अंगण नसेल तर या भानगडीत पडू नका. घरमालकाने परवानगी देताना अट घातली की तेलाचा एक थेंब फरशीवर दिसता कामा नये. जाड प्लास्टिक अंथरलं, त्यावर प्लायवूड. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजच्या ड्रममध्ये जमा केलं. चेन पुली आणि स्टँड एका मित्राकडून आणला. हे इंजिन ३०० किलोच्या वर जातं. दोरी-बांबूवर ते उतरवायचा विचारही करू नये.

काम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, फक्त शनिवार-रविवार चाललं. इथल्या उन्हाळ्यात पाना उन्हात राहिला तर हातात धरवत नाही.

खोलताना नियम एकच : जो बोल्ट जिथून निघाला, तो तिथल्याच पिशवीत, आणि पिशवीवर नाव. फोटो मोबाइलमध्ये, पण मापं वहीत. बेअरिंग कॅप, व्हॉल्व्हचे टॅपेट, शिम यांची अदलाबदल चालत नाही. ते ज्या जागेवर झिजून बसलेले असतात, त्याच जागेवर परत गेले पाहिजेत.

हेड काढल्यावर सहाव्या सिलिंडरने कबुली दिली. बोअर गेजने पाहिलं तर वरच्या कडेजवळ झीज ०.२७ मिलिमीटर. बाकी पाचांत ०.०९ ते ०.१३. मूळ माप ९४ मिलिमीटर. एक मिलिमीटरच्या पाव भागाने गाडी भंगाराच्या दारात नेऊन ठेवली होती.

आता कारण. धूळ आत गेली असती तर सगळेच सिलिंडर सारखे झिजले असते. वाळवंटात डिझेल इंजिनं मरतात ती बहुतेक धुळीनेच, पण इथे एअर फिल्टर आणि त्याचा होज दोन्ही ठीक होते. मग सहाही नोझल काढून सनायातल्या पंपवाल्याकडे नेले. टेस्ट बेंचवर पाच नोझल १५० बारच्या आसपास टर्रकन फवारा मारत होते. सहावा आधीच ठिबकत होता. कच्चं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढत होतं आणि रिंग कोरड्या भिंतीवर घासत होत्या. दुसरं इंजिन टाकून त्यावर हेच नोझल बसवले असते, तर दोन-तीन वर्षांत पुन्हा तीच गत झाली असती.

घरचं काम आणि लेथवाल्याचं काम

घरी करायचं काय आणि बाहेर द्यायचं काय, हे आधी ठरवावं. बोअरिंग, होनिंग, हेडची प्रेशर टेस्ट, क्रँकचं पॉलिश, नोझल आणि पंप हे मशीनचं काम. ते घरी होत नाही. मी ज्या उस्तादांकडे गेलो, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘पिस्टन लाये हो?’ मला माणूस पटला. पिस्टन आधी विकत घ्यायचे आणि त्या पिस्टनच्या मापाने सिलिंडर कापून घ्यायचा, हीच योग्य रीत आहे. आधी बोअर करून मग पिस्टन शोधत फिरायचं नसतं.

सहाही सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठे करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे ठरलं. क्रँकची सगळी मापं मर्यादेत निघाली. पॉलिश करून मूळ मापाच्याच बेअरिंग पुरल्या. हेडला चीर नव्हती. मुलाने विचारलं, “बाबा, एवढं खोललंच आहे तर सगळंच नवीन टाकून मोकळे का होत नाही आपण?” मी म्हणालो, “कारण सगळंच गेलेलं नाही.”

ब्लॉक, क्रँक, रॉड, कॅमशाफ्ट, हेड हे सगळं जुनंच राहिलं. नवीन आलं ते पिस्टन, रिंग, बेअरिंग, गॅस्केट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि नोझलची टोकं. मशीनकाम धरून साडेसहा हजार दिरहम लागले.

गावाकडची आठवण या निमित्ताने झाली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स पुण्यात १९४६ साली सुरू झाली आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा ठोका महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला. आमच्या इगतपुरीत महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे. महिंद्राच्या एमएम ५४० जीपमध्ये प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या धाटणीचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन असायचं. वडाप करणाऱ्या जीप आमच्याकडचे मिस्त्री आंब्याखाली खोलायचे आणि बोटाने चाचपून सांगायचे, ‘अजून चालंल.’ ते काहीच फेकत नसत. इथे सगळंच बदलतात. दोन्हीकडे मला एक गोष्ट कमी दिसली, ती म्हणजे गेज. बोटाला ०.१ मिलिमीटर कळतो, ०.०३ कळत नाही, आणि बेअरिंगचा खेळ त्याच मापाचा असतो.

जोडणी

होनिंग करून आलेला ब्लॉक दिसायला स्वच्छ असतो, पण त्याच्या बारीक रेषांत घासकामाची पूड अडकलेली असते. ती पेट्रोलने किंवा डिझेलने नीट निघत नाही. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश, हाच उपाय. हिच्या जुन्या सुती साडीचे पांढरे तुकडे घेऊन पुसत राहिलो. तुकड्यावर करडा डाग उठायचा थांबला तेव्हा काम झालं. आणि लगेच ऑइलचा हात फिरवला, कारण इथल्या हिवाळ्यात पहाटे धुकं पडतं. उघड्या लोखंडाला एका रात्रीत गंज धरतो.

जोडणी आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून केली. वारा सुटला की त्या दिवशी काम बंद. बेअरिंगचा खेळ प्लास्टिगेजने मोजला. मेणासारखा बारीक धागा ठेवून कॅप आवळायची, उघडायची आणि चपटा झालेला धागा पट्टीवर मोजायचा. मुलाला हा प्रकार सगळ्यात आवडला. सातही मेन बेअरिंग त्यानेच मोजल्या. हेड गॅस्केट या इंजिनाला वेगवेगळ्या जाडीत मिळतं. पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो हे डायल गेजने पाहून जाडी निवडावी लागते. दुकानदार देईल ते घेऊन बसवलं तर कंप्रेशन पुन्हा बिघडतं.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढली, म्हणजे डिझेल जात नाही. स्टार्टर थोडा थोडा वेळ फिरवून ऑइलचा काटा वर येऊ दिला, मग वायर जोडली. इंजिन सुरू झालं. थोडा पांढरा धूर आला आणि गेला. नवीन रिंग बसायला इंजिनावर भार लागतो, म्हणून उगाच तासभर जागेवर चालवलं नाही. अल ऐनच्या रस्त्यावर नेलं, वेग कमीजास्त करत.

वहीतली शेवटची नोंद

वाचकांपैकी अनेकांच्या दारात, इथे किंवा गावाकडे, अशी एखादी जुनी डिझेल गाडी उभी असेल. सगळ्यांनी इंजिन खोलावं असं मी म्हणणार नाही. पण कुणी ‘इंजिन गेलं’ म्हणालं, तर तीन प्रश्न जरूर विचारा. प्रत्येक सिलिंडरचं कंप्रेशन किती आलं? नोझल तपासले का? झीज किती आहे, आकड्यात सांगा. या तीन उत्तरांशिवाय कुणालाही इंजिनाचे पैसे देऊ नका.

१,००० किलोमीटरला पहिलं ऑइल बदललं. परवा मीटरवर दुरुस्तीनंतरचे १,९०० किलोमीटर झाले. डिपस्टिकवर ऑइल होतं त्याच खुणेवर आहे. ही नोंद वहीत मुलाने केली. त्याची शाळा इथली, मराठी लिहायची सवय कमी. ‘झीज’मधला ‘झी’ त्याने ऱ्हस्व काढला आहे. मी तो तसाच ठेवला. आकडा बरोबर आहे.