चावी मुकी की गाडी उपाशी?

मागे एका संकष्टीला ओझरच्या पार्किंगमध्ये आमची गाडी अडली. विघ्नहराचं दर्शन झालं होतं, पुढे लेण्याद्रीला जायचं होतं आणि बटण कितीही दाबलं तरी कुलूप उघडेना. शेजारच्या गाडीतले आजोबा म्हणाले, "खोडदची दुर्बीण जवळच आहे ना? तिच्या लहरी आडव्या येत असतील."

शंका रास्त होती, कारण आपल्याकडच्या बहुतेक चाव्या ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात आणि खोडदची रेडिओ दुर्बीणही त्या पट्ट्यात ऐकू शकते. पण ती फक्त ऐकते. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आकाशातून आलेल्या अतिक्षीण लहरी टिपतात, स्वतः काही पाठवत नाहीत. उलट आपल्याच उपकरणांचा तिला त्रास होतो.

मग अडलं कुठे? अशा वेळी आधी एवढंच शोधायचं: गाडी आपल्याला ओळखत नाही, की तिच्यात बळच उरलेलं नाही?

चावीच्या कडेची बारीक खिट्टी सरकवली की आतून साधी धातूची चावी निघते. दाराच्या मुठीजवळ तिचं भोक असतं. काही गाड्यांत ते प्लास्टिकच्या झाकणाखाली लपलेलं असतं. आम्ही दार उघडलं आणि आतला दिवा लख्ख लागला. म्हणजे गाडीची बॅटरी शाबूत होती, चावीतला सेल संपला होता.

दिवा मिणमिणता असता आणि सेल्फ मारल्यावर नुसती टक्-टक् ऐकू आली असती, तर दोष मोठ्या बॅटरीचा. इंजिन फिरवायला सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर लागतात. उतरलेली बॅटरी दिवा कसाबसा पेटवते, पण एवढा प्रवाह देऊ शकत नाही. कधी बॅटरी चांगली असते आणि टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटीच वाट अडवते. जंपर केबल लावताना काळ्या वायरचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीवर लावू नये, इंजिनच्या उघड्या धातूला लावावं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको.

आमचं काम सोपं होतं. चावीत एक चिप असते, तिला सेल लागत नाही. गाडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र निघतं. चावी अगदी जवळ नेली की त्याच क्षेत्रातून चिपला वीज मिळते आणि ती आपला संकेत सांगते. तो जुळल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. ही ऊर्जा काही सेंटिमीटरच पोचते, म्हणून खिशातली चावी अशा वेळी उपयोगाची नाही. आमच्या गाडीत ते वेटोळं स्टार्टच्या बटणामागेच आहे, म्हणून ब्रेक दाबून मी चावी त्या बटणालाच टेकवली. मग बटण दाबलं. इंजिन सुरू झालं.

आजोबांना ती चिप बघायची होती. पण ती चावीच्या आत बंद. मी त्यांना सेल तेवढा काढून दाखवला. रुपयाच्या नाण्याएवढा, ३ व्होल्टचा. वर २०३२ लिहिलेलं: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. तसाच नवा सेल नारायणगावात घड्याळाच्या दुकानात मिळाला.