कोडचं काम नेमकं कुठं अडतं?

अमरावतीत साईनगरला किंवा अकोल्यात गोरक्षण रोडवर घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याबद्दल दोन मतं पक्की असतात. घरच्यांना वाटतं तो रिकामा आहे, आणि पुण्यातल्या मॅनेजरला वाटतं तो झोपला आहे. बडनेरा, बाभुळगाव, शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून हिंजवडीला गेलेली आणि २०२०च्या टाळेबंदीत लॅपटॉप घेऊन परतलेली पोरं ही दोन्ही मतं अजून ऐकतात. आळशी माणसं सगळ्याच धंद्यांत असतात. पण डेव्हलपरचं काम का रखडतं हे ज्यांनी मोजून पाहिलं, त्यांना दुसरीच कारणं सापडली.

‘घरून काम म्हणजे अर्धं काम.’ यावर चांगला पुरावा आहे आणि तो दोन्ही बाजूंचा आहे. ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास कंपनीत सोळाशेच्या वर कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. काहींनी आठवड्यातले दोन दिवस घरून काम केलं, बाकीचे रोज ऑफिसात. २०२४मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापून आला: कामाच्या मूल्यमापनात फरक नाही, इंजिनिअरांनी लिहिलेल्या कोडच्या ओळींतही नाही, राजीनामे मात्र सुमारे एक तृतीयांशानं घटले. उलट टाळेबंदीत पूर्णवेळ घरी गेलेल्या, एका मोठ्या आशियाई आयटी कंपनीतल्या दहा हजारांहून अधिक लोकांची आकडेवारी तपासली तेव्हा तासामागचं काम घटलेलं निघालं. लोक जास्त तास बसत होते, तरीही. मीटिंगा आणि एकमेकांशी ताळमेळ घालण्याचा वेळ वाढला होता आणि सलग मिळणारा वेळ आटला होता. घरात लहान मुलं असणाऱ्यांची घट अधिक होती.

या सलग वेळेचं मोल बाहेरच्याला कळत नाही. बग शोधणारा माणूस नुसता पडद्याकडे बघत बसलेला दिसतो. त्या वेळी कुठलं फंक्शन कुणाला बोलावतं, आकडा कुठं बदलतो, काय तपासून झालं, हे सगळं त्यानं डोक्यात धरलेलं असतं. तेवढ्यात हाक येते, ‘‘घरीच तं हायेस, जरा दळन आनून दे.’’ अमरावतीत नळ एक दिवसाआड येतात, त्या सकाळी तर मोटार लावणं हे घरी असलेल्याचंच काम. ऑफिसात हाकेच्या जागी साहेबांचा ‘दोन मिनिटांचा कॉल’ असतो. ख्रिस पार्निन आणि स्पेन्सर रुगाबर या संशोधकांनी ८६ प्रोग्रॅमरांच्या कामाच्या सुमारे दहा हजार नोंदी तपासल्या. त्यात काम पुन्हा हाती घेतल्यावर मिनिटाच्या आत कोडला हात लागल्याची उदाहरणं दहातलं एक, इतकीच होती. बाकी वेळ आपण कुठं होतो हे शोधण्यात जातो.

मात्र ‘लक्ष परत यायला २३ मिनिटं लागतात’ हा ठेवणीतला आकडाही जपून वापरावा. त्याचा धागा संशोधक ग्लोरिया मार्क यांच्या कार्यालयीन निरीक्षणांपर्यंत जातो. माणूस मूळ कामावर परतेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जात होती, पण मधल्या वेळात तो दुसरी कामं करत होता, शून्यात बघत नव्हता. त्यांच्याच २००८च्या प्रयोगात तर व्यत्यय आलेल्यांनी काम लवकर उरकलं. किंमत मोजली ती ताण आणि चिडचिडीच्या रूपात.

जास्त तासांचं काय? नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३मध्ये आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कामगारांच्या नोंदी अर्थतज्ज्ञ जॉन पेन्काव्हेल यांनी तपासल्या, तर ७० तासांचं उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसं वेगळं नव्हतं. ते हातांचं काम होतं; डोक्याच्या कामात जास्त तासांना बरकत येईल असं मानायला मला तरी आधार दिसत नाही. ‘उशीर झालाय, आणखी चार पोरं लावा’ याला फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्येच उत्तर दिलं आहे: उशिरा चाललेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. जुने नव्यांना शिकवत बसतात.

नवा गैरसमज म्हणजे एआयनं काम झटपट होतं. ‘मेटर’ या संस्थेनं २०२५मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरांना त्यांच्या ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. एआय वापरायची मुभा होती त्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. करणाऱ्यांना मात्र २० टक्के वेळ वाचल्यासारखा वाटत होता. साधनं झपाट्यानं बदलताहेत, नवख्याला अनोळखी कोडमध्ये फायदा होतही असेल. पण ‘मला वेगवान वाटतं’ हा पुरावा होत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ खातात ते अस्पष्ट मागण्या, जुना गुंतलेला कोड आणि वाट पाहणं. डेव्हलपर कशानं वैतागतात याच्या २०१७च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत वरची तीन कारणं होती: प्रश्न सोडवताना अडकून पडणं, वेळेचा दबाव आणि वाईट कोड. समजा, अकोल्यातल्या दालमिलचं बिलिंग आहे. ‘‘फक्त तोलाईचा एक कॉलम वाढवा ना भाऊ.’’ ती तोलाई हमालीआधी धरायची की नंतर, अडत तिच्यावर लागते का, जीएसटीच्या अहवालात ती कुठं दिसणार, हे कुणी लिहून देत नाही. दोन तासांचं काम आठवडाभर चालतं. परदेशी ग्राहक असला तर आणखीच मजा. न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, हिवाळ्यात आठ. सकाळी अकराला पडलेल्या प्रश्नाला तोवर उत्तर नाही, आणि उत्तर अर्धवट आलं की दुसरा दिवसही गेला.

ऊन आणि वीज हे बहाणे नाहीत. मे २०२४मध्ये उष्णतेमुळे अकोल्यात जमावबंदीचा आदेश निघाला होता. लाईन गेली की इन्व्हर्टरवर वायफाय चालतो, कूलरचा भार मात्र प्रत्येकाचा इन्व्हर्टर पेलत नाही. पण ही अडचण दिसते, म्हणून तिच्यावर उपाय होतो.

म्हणून पुढच्या वेळी एखादं तिकीट, म्हणजे नोंदवून दिलेलं काम, रखडलं की माणसाला जाब विचारण्याआधी त्या तिकिटाचा इतिहास उघडून बघा. त्यातले किती दिवस ते ग्राहकाच्या उत्तराची किंवा वरिष्ठाच्या रिव्ह्यूची वाट बघत पडून होतं, ते तारखांसकट तिथंच लिहिलेलं असतं.