गजबजलेल्या उपाहारगृहातील भोजन आणि आहारविधी

अन्न कोणते, याइतकेच ते कोठे, केव्हा व कशा रीतीने सेवन केले यालाही आयुर्वेदात महत्त्व आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता ही आठ आहारविधिविशेषायतने वर्णिली आहेत. उलवे परिसरात चिकित्सा करताना आम्हांला त्यांचा नव्याने विचार करावा लागतो.

शिवडी-न्हावाशेवा हा २१.८ कि.मी.चा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि उलवेकरांना दक्षिण मुंबई जवळ आली. कुलाब्याचे लिओपोल्ड (१८७१) किंवा धोबीतलावचे क्यानी (१९०४) यांसारख्या जुन्या इराणी उपाहारगृहांपासून नव्या भोजनगृहांपर्यंत सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब जाणे सुलभ झाले. अशा रात्रीनंतर आम्लपित्त, आध्मान व अरुची यांच्या तक्रारी घेऊन रुग्ण येतात. त्यांना केवळ “बाहेरचे खाऊ नका” असे सांगितल्यास ते मान डोलावतात व पुढील रविवारी पुन्हा जातात. म्हणून नेमके कोणते आयतन बिघडले हे पाहणे आवश्यक ठरते.

प्रथम उपयोगसंस्था. बोलत, हसत वा अन्यत्र चित्त ठेवून जेवणाऱ्यास अतिद्रुत भोजनाचेच दोष घडतात, असे चरकाचार्य सांगतात. अन्नाचे गुणदोष नीट न कळणे हा त्यांपैकी एक. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातही मोठ्या आवाजात गोड व खारट चव कमी जाणवल्याचे दिसले. याउलट, एकामागून एक पदार्थ मागवत दोन तास जेवल्यास अतिविलंबित भोजनाचे दोष संभवतात: तृप्ती होत नाही, अधिक खाल्ले जाते, अन्न थंड होते व विषम पचते. गजबजलेल्या ठिकाणी हे दोन्ही दोष एकाच बैठकीत घडतात.

दुसरे राशी व काल. कुक्षीचा एक भाग घन अन्नासाठी, एक द्रवासाठी व एक दोषांच्या संचारासाठी मोकळा ठेवावा, असा नियम आहे. येथे मुख्य जेवण येण्यापूर्वीच तळलेले पदार्थ व शीतपेये यांनी तो मोडतो. त्यात जेवण उशिरा, पुढे सेतूवरून परतीचा प्रवास व घरी पोहोचताच निद्रा.

तथापि मनास प्रिय असे स्थान व आप्तांचा सहवास यांचे मोलही शास्त्राने जाणले आहे. चिंता, शोक, भय, क्रोध यांनी ग्रस्त असता पथ्य व मात्रावत् अन्नही पचत नाही. त्यामुळे सरसकट निषेध आम्हांला योग्य वाटत नाही.

रुग्णास पुढील उपाय सांगावेत. शक्यतो दुपारी जावे, कारण मध्यान्ही अग्नी प्रबल असतो. बॅलार्ड इस्टेटचे १९२३ चे ब्रिटानिया तर दुपारच्या जेवणासाठीच प्रसिद्ध आहे. पदार्थ एकदम मागवून उष्ण असतानाच खावेत. गप्पा ताट येण्यापूर्वी व नंतर माराव्यात. भात व मासळी सात्म्य असलेल्या येथील आगरी-कोळी कुटुंबांनी मासळीनंतर मिल्कशेक वा आइस्क्रीम घेऊ नये. मत्स्य व दुग्ध यांचा संयोग विरुद्ध आहे. रात्री जाणे अटळ असल्यास लवकर व अल्प जेवावे.

मात्र वारंवार छातीत जळजळ, वजन घटणे किंवा काळा मल असल्यास दोष भोजनगृहावर न ढकलता त्वरित तपासणी करवून घ्यावी. इतरांच्या बाबतीत, रुग्णाला पाळता येईल इतकेच पथ्य सांगितले तर ते पाळले जाण्याची शक्यता वाढते.