टॉप गियर आणि आलापल्लीचा रस्ता

५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. तेव्हापासून नागपूरकडून येणारा पाहुणा एकच कौतुक सांगतो: टॉप गियर, १२० चा वेग आणि इंजिनाचा आवाजही नाही. मला ते ऐकून बोचतं.

ॲम्बेसेडर-फियाटच्या चार गियरांच्या काळाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. नव्वदचं दशक मात्र मी गडचिरोलीतल्या आलापल्ली, अहेरी, भामरागडच्या वाटेवर काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून काढलं. जुन्या सीजे-३बी जीपच्या टॉप गियरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाला ५.३८ फेरे घ्यावे लागत. तिचा १६ इंची टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. म्हणजे ६० च्या वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २,४५० फेरे घेणार आणि ८० ला ३,२५० च्या वर. पुढच्या डिझेल जीपाही त्याच स्वभावाच्या. सत्तरच्या पुढे काटा सरकला की शेजाऱ्याशी बोलणं बंद. पुण्या-मुंबईचे लोक ‘जीप पळत नाही’ म्हणून नाक मुरडायचे. ती ओढण्यासाठी बनवली होती. टपावर पोती, आत-बाहेर माणसं आणि चाकाखाली पावसाळ्यातला चिखल असताना तिने आम्हाला घरी पोचवलं, ते त्या आखूड गियरांच्या जोरावर. वनखात्याच्या जीपांना लो रेंजचा, म्हणजे सगळे गियर आणखी आखूड करणारा, वेगळा छोटा लिव्हर असे. आज तो क्वचितच दिसतो, याचं वाईट वाटतं.

मग पाचवा गियर आला. १९९२ ला इसुझु इंजिनाच्या ॲम्बेसेडरला, १९९४ ला सुमोला, २००० मध्ये मारुती ८०० ला. टॉप गियरचं प्रमाण एकाऐवजी ०.८ केलं, तर ८० च्या वेगाला ३,२५० फेऱ्यांचे २,६०० होतात. वेग तोच, पण आवाज आणि डिझेल दोन्ही कमी. वरोऱ्याहून जामकडे जाताना हा फरक कानांना कळायचा. पण त्याचबरोबर ‘लवकर टॉप टाक, डिझेल वाचतं’ हा मंत्रही गॅरेजवाल्यांनी पसरवला, आणि त्याचा राग मला अजून आहे. चाळीसच्या वेगात पाचवा टाकला की इंजिन धडधडतं, चढावर दम सोडतं. फेरे कमी असणं चांगलं, पण इंजिनात ओढ शिल्लक असेपर्यंतच. गॅरेजवाल्यांनी ही अट कुणाला सांगितलीच नाही.

आता गाड्यांना सहा गियर आहेत आणि आष्टी-आलापल्लीचा रस्ता सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी उखडून टाकला. त्या खड्ड्यांत नवी गाडी दुसऱ्या-तिसऱ्यातच रखडते. वरचे तीन गियर आम्ही विकत घेतो, वापरत नाही. पहिला गियर जीपइतका आखूड नसल्याने क्लच अर्धा दाबून गाडी रांगवावी लागते, आणि त्या वासाने प्रवासी खिडक्या उघडतात. द्रुतगती मार्ग भंडाऱ्याहून गडचिरोलीपर्यंत आणायची भाषा चालू आहे. त्याआधी खनिजाच्या ट्रकांना वेगळी वाट द्या आणि आम्हाला आष्टी ते आलापल्ली चौथ्या गियरमध्ये जाता येईल एवढा रस्ता करा.