मरण मागणाऱ्याला काय द्यावे?



"रोगी स्वतःच 'मला सोडवा' म्हणतो, मग कायद्याने त्याला सोडवू नये काय?" असे कोणी मास्तरांना विचारले तर उत्तर सोपे नाही. त्यातून दुखणे मनाचे असले म्हणजे फारच अवघड.

मुंबई पोलिसातला एक शिपाई. १९८१ साली अपघातात डोक्याला मार लागला, पुढे मनाचा आजार जडला. १९८५ साली त्याने महापालिकेच्या कचेरीत जीव देऊ पाहिला. वाचला, आणि खटला भरला त्याच्यावरच! १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने तो रद्द केला. अशा माणसाला तुरुंग नको, औषधपाणी हवे, हा त्यातला विचार. पण त्याच निकालात एक भेद केला आहे: स्वतः जीव देणे वेगळे, आणि दुसऱ्याने, दयेपोटी का होईना, जीव घेणे वेगळे.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे मत फिरवले. तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शिपायाचीच बाजू घेतली: असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे मानावे, त्याची काळजी सरकारने घ्यावी. २०१८ साली मरणोन्मुख रोग्याचे व्यर्थ उपचार थांबवायला परवानगी मिळाली. मरणाचे औषध देणे मात्र आजही गुन्हाच.

नेदरलँड्समध्ये २००२ पासून, कडक चौकशीनंतर, मनोरुग्णालाही अशी मदत मिळू शकते. तिथले लोक निर्दय नाहीत हो. मनाची यातना हाडाच्या यातनेइतकीच खरी, हे त्यांचे म्हणणे मला पटते. अडते ते पुढे. "आता काही उपयोग नाही" हे बोलणे पुष्कळदा त्या आजाराचेच असते. मग रोगी कोणता आणि रोग कोणता, हे निवडायचे कोणी?

आणि आपल्याकडे? भामरागड-सिरोंच्याकडे आधी पुजारी, मग जडीबुटी, डॉक्टर शेवटी. मनोरुग्णालय नागपूरला, जायला अख्खा दिवस. ज्याने एक गोळी घेतली नाही, त्याचे उपाय संपले असे कोणत्या तोंडाने म्हणावे? तिथे मरणाचा हक्क औषधाआधी पोचला, तर तो हक्क कसला!

गावात कोणी असे बोलू लागले तर "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे, विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. १४४१६ हा सरकारी फोन रात्रंदिवस, फुकट, मराठीतही चालतो. रेंज नसेल तर आशाताईंना सांगावे, आणि तोवर त्याला एकटे सोडू नये.